तुरीवर घाटेअळी धरून बसलेला लाल-काळा कीटक कोणता? लाल ढेकण्या, रक्त पिणारा ढेकूण की शिकारी ढेकूण?

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा. खटाव तालुक्यातील आपल्या शेतात, तुरीच्या शेंड्यावर सुमारे सव्वा सेंटिमीटर लांबीचा एक लाल-काळा कीटक घाटेअळीच्या, म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या अळीच्या, अंगात सोंड खुपसून बसलेला दिसला. गावातील एकाने तो लाल ढेकण्या असल्याचे सांगून फवारणीचा सल्ला दिला. दुसऱ्याने तो माणसाचे रक्त पिऊन जीवघेणा रोग पसरवणारा ढेकूण असल्याचे सांगितले. तसाच एक कीटक वडिलांनी बोटांत धरला, तेव्हा तो त्यांना जोरात चावला, आणि त्यामुळे दुसऱ्या सांगण्याची भीती वाढली. सोबत आपण घराच्या मागच्या भिंतीशी सापडलेल्या, पाठीवर माती आणि मेलेल्या मुंग्या वाहणाऱ्या एका किड्याचेही छायाचित्र जोडले आहे.

मी विट्याकडील भागात राहतो आणि येरळेच्या खोऱ्यातील शेतांत व बांधांवर दिसणारे ढेकूणवर्गीय कीटक अनेक वर्षांपासून पाहत आलो आहे. आपल्या पहिल्या छायाचित्रातील कीटक शिकारी ढेकणांच्या, म्हणजे रेडुव्हिइडी कुळातला आहे आणि त्याचा वंश ऱ्हायनोकोरिस आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्याची जात ऱ्हायनोकोरिस फ्युसिपेस असावी असे मला वाटते. वंशाइतक्या खात्रीने मी हे म्हणत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईलच. तो लाल ढेकण्या नाही आणि रोग पसरवणारा ढेकूणही नाही.

आपल्याला मिळालेली दोन्ही उत्तरे चुकली, कारण दोघांनीही रंग पाहून निर्णय केला. ढेकणांच्या बाबतीत रंग हा सर्वांत शेवटी विचारात घ्यायचा पुरावा आहे, कारण लाल आणि काळा हा जोडरंग एकमेकांशी जवळचे नाते नसलेल्या अनेक कुळांत आढळतो: पिकाचा रस शोषणाऱ्यांत, त्यांची शिकार करणाऱ्यांत आणि दगडाखाली राहून पैसा किड्यांवर जगणाऱ्यांतसुद्धा. म्हणून आधी सोंड पाहावी, मग डोके आणि मान, त्यानंतर पाय व पोटाची कड, आणि एवढे झाल्यावरच रंगाकडे वळावे.

आपले दुसरे छायाचित्र बाजूने घेतलेले आहे, आणि ओळख पटवण्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे ठरले. त्यात सोंड आखूड, जाड आणि विळ्यासारखी वाकलेली दिसते. ती डोक्याच्या खालच्या बाजूला चिकटून नाही, तर डोके आणि सोंड यांच्यामध्ये स्पष्ट पोकळी आहे. शिकारी ढेकणांची सोंड बहुधा तीन पेरांची असते आणि कीटक स्वस्थ बसलेला असताना तिचे टोक पुढच्या दोन पायांच्या मधल्या एका खाचेत टेकलेले असते. त्या खाचेत अतिशय बारीक आडव्या रेषा असतात आणि सोंडेचे टोक त्यांवर घासून हे कीटक किरकिर असा बारीक आवाज काढतात. हातात धरलेला कीटक असा आवाज करत असेल, तर तो लगेच सोडून द्यावा, कारण त्यानंतर बहुधा चावाच बसतो. पिकाचा रस शोषणाऱ्या ढेकणांची सोंड याहून वेगळी असते. ती चार पेरांची, बारीक आणि सरळ असते व पोटाखाली मागे वळवून पायांच्या मधोमध सपाट ठेवलेली असते, त्यामुळे वरून पाहताना ती दिसतच नाही.

दुसरी खूण म्हणजे डोके. ऱ्हायनोकोरिसचे डोके लांबट व अरुंद असते, डोळ्यांच्या मागे त्यावर एक आडवी खाच असते आणि त्यामागचा भाग निमुळता होऊन मानेसारखा वक्षाला, म्हणजे छातीला, जोडलेला असतो. पंख फुटलेल्या प्रौढ कीटकात या मागच्या भागावर दोन साधे नेत्र, म्हणजे चकाकणारे दोन बारीक ठिपके असतात; हातभिंगातून ते सहज दिसतात. लाल ढेकण्याच्या कुळात हे साधे नेत्र नसतात. एवढी एकच खूण नीट पाहता आली, तरी गावातील पहिल्या सल्ल्याचा निकाल लागतो.

लाल ढेकण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्याकडे भेंडी, अंबाडी आणि कपाशीवर तो खरोखरच असतो आणि त्याची शिकारी ढेकणाशी गल्लत करून अनेक शेतकरी विनाकारण फवारणी करतात. त्याचा वंश डिस्डर्कस. डोक्यालगत मागे पांढरी पट्टी, प्रत्येक पुढच्या पंखावर एक काळा ठिपका आणि पोटाच्या खालच्या बाजूला लाल रंगावर पांढरे आडवे पट्टे, ही त्याची लक्षणे आहेत. तो बिया शोषतो, घोळक्याने राहतो आणि त्याची पिल्ले व प्रौढ एकाच बोंडावर गर्दी करून बसलेली दिसतात. शिकारी ढेकूण घोळक्याने राहत नाहीत. प्रौढ तर एकेकटेच आढळतात आणि पिल्ले भुकेली असली तर एकमेकांनाही खातात. याच लाल ढेकण्याच्या कुळात अँटिलोकस नावाचा एक लाल कीटक आहे, आणि तो स्वतः लाल ढेकण्यांची शिकार करतो. म्हणजे एखादा लाल ढेकूण दुसऱ्या कीटकाला शोषताना दिसला, एवढ्यावरून तो रेडुव्हिइडी कुळातलाच आहे असेही म्हणता येत नाही. तेथेही साधे नेत्र आहेत की नाहीत हेच पाहावे लागते.

तुरीवर आणि सोयाबीनवर आणखी एक शिकारी आढळतो, तो म्हणजे हिंगासारखा उग्र वास सोडणाऱ्या ढालकिड्यांच्या कुळातील इओकँथेकोना फर्सेलाटा. तोही अळ्यांना सोंडेने भोसकून धरतो, पण त्याचे अंग रुंद, ढालीच्या आकाराचे असते, खांद्यांवर टोकदार काटे असतात आणि प्रौढाच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पाच पेरांच्या असतात. आपल्या कीटकाच्या शृंगिका चार पेरांच्या, लांब आणि टोकाकडे बारीक होत गेलेल्या आहेत, त्यामुळे हा पर्याय बाद होतो. शेंगांचा रस शोषणारा, तपकिरी रंगाचा तुरीवरचा ढेकूण रंगानेच वेगळा आहे; त्याचा येथे विचार करण्याची गरज नाही.

आता जातीचा प्रश्न. आपल्या भागात ऱ्हायनोकोरिस वंशाच्या ज्या जाती शेतात वारंवार दिसतात, त्यांत फ्युसिपेस आणि मार्जिनेटस या दोन प्रमुख आहेत. दोन्हींना नावे डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चियन फाब्रिसियस यांनी दिली, फ्युसिपेसला १७८७ मध्ये आणि मार्जिनेटसला १७९४ मध्ये. फ्युसिपेस लहान असतो. त्याची लांबी दीड सेंटिमीटरच्या आत राहते, अंगाचा मूळ रंग पोवळ्याचा लाल असतो, त्यावर काळे डाग असतात, आणि पाय काळे असतात. मार्जिनेटस ठसठशीत मोठा असतो, दोन सेंटिमीटरच्या आसपास भरतो, आणि अंगावर काळ्या रंगाचा भाग पुष्कळ अधिक असतो. आपण कीटकाशेजारी तुरीची शेंग ठेवून घेतलेले छायाचित्र आणि सांगितलेली लांबी, दोन्ही फ्युसिपेसकडे बोट दाखवतात. लालभडक अंग आणि काळे पाय हेही त्याच्याशी जुळते.

तरीही मी 'असावी' असे म्हटले, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की मार्जिनेटस एकाच रंगात आढळत नाही. पंख मिटलेले असताना पोटाची जी कड दोन्ही बाजूंना पंखांबाहेर डोकावते, ती या जातीत कधी पूर्ण काळी, कधी पूर्ण लाल, तर कधी आलटून पालटून काळी व लाल असते, आणि हे तिन्ही प्रकार एकाच जातीचे आहेत. तमिळनाडूतील पाळयंकोट्टै येथील सेंट झेवियर्स महाविद्यालयात डंस्टन अँब्रोस यांनी भारतातील शिकारी ढेकणांवर दीर्घकाळ काम केले, आणि या रंगभेदांचा अभ्यास मुख्यतः त्याच कामातून पुढे आला आहे. एकाच जातीत एवढा फरक असताना केवळ पोटाच्या कडेचा रंग पाहून नाव ठरवणे धोक्याचे आहे. दुसरे कारण असे की आपल्या छायाचित्रात कीटकाचा खालचा भाग दिसत नाही आणि वक्षाच्या वरच्या पाटीचा मागचा अर्धा भाग पानाखाली झाकला गेला आहे. जाती वेगळ्या करताना याच भागांचा उपयोग होतो. दक्षिण भारतात या वंशाच्या आणखीही जाती आहेत. त्यांतली ऱ्हायनोकोरिस कुमारी ही तर १९८६ इतक्या अलीकडे वर्णिली गेली. भारतात या कुळाच्या साडेचारशेहून अधिक जातींची नोंद आहे, आणि इतक्या जाती असताना छायाचित्रावरून वंशापर्यंत पोहोचून थांबणे हे अपुरे उत्तर आहे असे मी मानत नाही. छायाचित्र जेवढे सांगते तेवढेच सांगावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

आपण लिहिले आहे की त्याच झाडावर एक पूर्ण लालसर, फिकट, डाग नसलेला कीटकही होता आणि तो दुसऱ्या जातीचा असावा असे आपल्याला वाटले. तो बहुधा याच जातीचा, नुकताच कात टाकलेला असणार. शिकारी ढेकणाचे पिल्लू प्रौढ होईपर्यंत पाच अवस्थांतून जाते आणि प्रत्येक वेळी कात टाकल्यावर काही तास त्याचे अंग मऊ व फिकट लालसर राहते. काळा रंग नंतर चढतो. अशा अवस्थेतील कीटकावरून जात ठरवण्याचा प्रयत्न करू नये. शक्य असेल तर जवळपासच्या पानावर लटकलेली रिकामी कात शोधावी, म्हणजे खात्री होते.

वडिलांना झालेल्या चाव्याविषयी आता स्पष्ट लिहितो, कारण प्रश्नातली खरी काळजी तीच आहे. रेडुव्हिइडी कुळातील बहुसंख्य कीटक इतर कीटकांवरच जगतात. सोंडेतून ते भक्ष्याच्या अंगात विषारी लाळ सोडतात. तिच्यामुळे भक्ष्य लुळे पडते, त्याच्या आतील भाग पातळ होतो आणि तो रस हे कीटक शोषून घेतात. माणसाला ते केवळ बचावासाठी चावतात, म्हणजे दाबले गेल्यावर, बोटांत धरल्यावर किंवा कपड्यात अडकल्यावर. तीच लाळ त्वचेत गेल्यामुळे वेदना तीव्र असते आणि ती मधमाशीच्या डंखाहून अधिक वाटू शकते. ती जागा साबणाने स्वच्छ धुवावी आणि तिच्यावर थंड पाण्याची घडी ठेवावी. दुखणे बहुधा काही तासांत उतरते. चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी किंवा श्वास घेण्यास त्रास अशी लक्षणे दिसली, तर ती ॲलर्जीची असू शकतात आणि अशा वेळी विलंब न करता दवाखान्यात जावे. वडिलांच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी केवळ लाल ठिपका उरला असे आपण लिहिले आहे. त्यावरून चिंतेचे कारण दिसत नाही.

रक्त पिणारे ढेकूण याच कुळाच्या एका उपकुळात आहेत, त्यामुळे गावातील दुसऱ्या व्यक्तीचे सांगणे सर्वस्वी निराधार नाही. मात्र त्यांनी ते चुकीच्या कीटकाला लावले आहे. तो रोग म्हणजे चागस. ब्राझीलमधील वैद्य कार्लोस चागस यांनी १९०९ मध्ये त्याचा शोध लावला, आणि तो अमेरिका खंडातील, मुख्यतः मध्य व दक्षिण अमेरिकेतील रोग आहे. भारतात त्या उपकुळातील ट्रायाटोमा रुब्रोफॅसिएटा हा ढेकूण आढळतो. तो उंदीर-घुशींच्या आसऱ्याने राहतो आणि रात्री बाहेर पडतो. लिन्शकॉस्टिअस नावाचा एक संपूर्ण वंश तर केवळ भारतातच आहे. पण चागस रोगाचा परजीवी आपल्याकडच्या ढेकणांतून माणसांत पसरत नाही. ओळखण्याची खूण येथेही सोंडच आहे: रक्त पिणाऱ्यांची सोंड बारीक व सरळ असते आणि डोक्याखाली जवळजवळ समांतर ठेवलेली असते, तर शिकारी ढेकणाची जाड व वाकलेली. दिवसाउजेडी तुरीच्या शेंड्यावर बसून अळी शोषणारा आपला कीटक त्या गटातला असूच शकत नाही.

भिंतीशी सापडलेल्या किड्याचे छायाचित्र पाहून मला विशेष आनंद झाला. ते शिकारी ढेकणाचेच पिल्लू आहे, पण वेगळ्या उपकुळातील. त्याचा वंश बहुधा अकँथास्पिस. याच्या अंगावरील केसांवर चिकट स्राव असतो आणि मागच्या पायांनी ते माती, धूळ व शोषून रिकाम्या केलेल्या मुंग्यांची कलेवरे पाठीवर चढवते. याच वंशातील अकँथास्पिस पेटॅक्स या पूर्व आफ्रिकेतील जातीवर रॉबर्ट जॅक्सन आणि सायमन पोलार्ड यांनी केलेले प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले की उड्या मारून शिकार करणारे कोळी उघड्या पिल्लांवर जितक्या वेळा हल्ला करतात, त्याच्या मानाने मुंग्यांचे ओझे पाठीवर असलेल्या पिल्लांवर फारच कमी वेळा करतात. आपल्या छायाचित्रात ओझ्याखालून डोके आणि वाकलेली सोंड अस्पष्ट दिसते, म्हणून कुळाबद्दल शंका नाही. जात मात्र पिल्लावरून सांगता येणार नाही. तो किडा घरात उपद्रव करत नाही. भिंतीच्या कडेला मुंग्या आणि वाळवी यांच्या मागावर असतो. त्याला उघड्या हाताने उचलू नये, कागदावर घेऊन बाहेर सोडावे, एवढे पुरे.

पावसाळ्यात कासकडे किंवा सागरेश्वरच्या रानात दगडाखाली लाल व निळसर काळ्या रंगाचे जाडजूड ढेकूण पैसा किड्याला घेरून बसलेले दिसले, तर तेही याच कुळातले, पण पैसा किड्यांवर जगणाऱ्या उपकुळातले असतात. छातीच्या मागे पाठीवर जो लहान त्रिकोण असतो, त्याच्या टोकाला त्यांच्यात बहुधा दोन फाटे दिसतात. शेताशी त्यांचा संबंध नाही, पण रंगावरून फसगत होऊ नये म्हणून हा उल्लेख केला.

राहिला फवारणीचा प्रश्न. हा कीटक तुरीला कोणतीही इजा करत नाही. तो घाटेअळी, तंबाखूवरची पाने खाणारी अळी, वांग्यावरचे पाने खरवडणारे भुंगेरे आणि अगदी लाल ढेकण्यासुद्धा खातो, म्हणून त्याच्यासाठी फवारणी करू नये. त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की केवळ त्याच्या भरवशावर घाटेअळी आटोक्यात राहील अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. तो समोर येईल ते भक्ष्य धरतो, त्यात मधमाशी किंवा दुसरा एखादा उपयुक्त कीटकही येतो, आणि त्याची संख्या अळीच्या वेगाने वाढत नाही. पण घाटेअळीसाठी सर्व प्रकारच्या कीटकांना मारणारे औषध वापरले, तर अळीबरोबर हाही मरतो आणि त्यानंतर येणाऱ्या अळ्यांना खाणारे कोणी उरत नाही. त्यापेक्षा कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवावे, शेतात पक्षी थांबे उभारावेत, सुरुवातीच्या लहान अळ्यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्क किंवा घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, संध्याकाळी फवारावा. हा विषाणू घाटेअळीपुरताच असल्यामुळे शिकारी ढेकणाला त्याची बाधा होत नाही. अळ्यांचे प्रमाण फारच वाढले आणि रासायनिक औषध घ्यावेच लागले, तर कोणते घ्यावे हे आपल्या भागातील कृषी विज्ञान केंद्रात पानांचे व अळ्यांचे नमुने दाखवून ठरवावे.

पानाच्या मागे किंवा खोडावर तपकिरी, उभ्या, एकमेकींना चिकटवलेल्या अंड्यांचा पुंजका दिसला, तर तो खुडून टाकण्यापूर्वी नीट पाहावा. पतंगाची अंडी आणि शिकारी ढेकणाची अंडी यांत फरक आहे: घाटेअळीचा पतंग गोल, फिकट पिवळसर अंडी एकेक करून सुटी घालतो, तर ऱ्हायनोकोरिसची अंडी लांबट असतात, पुंजक्याने असतात आणि त्यांच्या वरच्या टोकाला झाकण असते.

जात नक्की करायची असेल, तर कृपया आणखी तीन छायाचित्रे घ्यावीत: पंख मिटलेला संपूर्ण कीटक सरळ वरून, डोके व सोंड बाजूने, आणि पोट खालून. पोटाचे छायाचित्र घेण्यासाठी कीटक हातात न धरता रुंद तोंडाच्या पारदर्शक बाटलीत घ्यावा आणि बाटलीच्या काचेतून खालून टिपावे. शेजारी मोजपट्टी ठेवली तर लांबीचा वाद उरत नाही. कोणत्या पिकावर, कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी दिसला हेही लिहावे, आणि छायाचित्रे झाल्यावर तो त्याच झाडावर सोडून द्यावा. खालची बाजू व वक्षाची पाटी स्पष्ट दिसली, तर फ्युसिपेस की मार्जिनेटस एवढे तरी मला निश्चितपणे सांगता येईल.